वाटेतला गोलघुमट

दिवाळीला महिना-दीड महिना राहिला की सकाळी आठपासून माझा फोन वाजायला लागतो. त्रिपुरी पौर्णिमेला आमची कर्नाटकातल्या बदामी-ऐहोळे-पट्टदकल्लूची सहल निघते. अठरा माणसं, सहा दिवस. गेल्या वर्षीचा एक फोन माझ्या चांगला लक्षात आहे.

"मॅडम, तुमची आयटिनरी वाचली. त्यात गोलघुमट दिसत नाही."

"घेतलेला नाही, काका."

"अहो, पण सोलापूर सोडलं की विजापूर वाटेतच लागतं. गाडी तिथूनच जाणार ना?"

"तिथूनच जाणार."

"मग अर्धा तास थांबायला काय हरकत आहे? खाली उतरून बघून तरी येऊ."

काका सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. सहलीला काकूही येणार होत्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गोलघुमट खरोखरच वाटेत आहे. जाता-येता दोन्ही वेळा खिडकीतून तो प्रचंड घुमट दिसतो, आणि इतक्या जवळून न थांबता पुढे जायचं हे कुणालाही पटत नाही. मी त्यांना म्हटलं, "काका, मुहम्मद आदिलशहाची ती कबर 1656 साली पुरी झाली. वर सज्जात चढून जायचं, भिंतीला कान लावायचा, पलीकडच्या टोकाला कुणी कुजबुजलं तर ते ऐकायचं. तेवढ्यालाच दीड तास लागतो. पुढे इब्राहिम रोझा आहे, जामा मशीद आहे, अर्धवट राहिलेला बारा कमान आहे. विजापूरला दोन दिवस द्यायला हवेत. अर्ध्या तासात फक्त चहा आणि फोटो होईल."

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढ्या पैशांत फक्त तीन ठिकाणं?"

या प्रश्नाला माझ्याकडे पाठ केलेलं उत्तर नाही. जे देते ते प्रत्येक वेळी नव्याने, मनापासून देते. आमच्या सहलींचं जे काही वेगळेपण आहे ते आम्ही काय दाखवतो यात आहेच. त्याहून जास्त ते आम्ही काय वगळतो यात आहे. वगळलेलं विकायला मात्र फार कठीण जातं. पत्रकात छापता येत नाही, त्याचा फोटो नसतो.

हे मी कुठे शिकले, तेही सांगायला हवं. या कामात येण्याआधी मी एका मोठ्या टूर कंपनीत टूर मॅनेजर होते. चाळीस-पंचेचाळीस माणसांची बस, सोबत आचारी आणि त्याचं सामान, दिवसाला आठ-दहा 'पॉइंट'. अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवसात उरकायचा कार्यक्रम असायचा. संभाजीनगरहून अजिंठा शंभर किलोमीटर, वेरूळ तीस, तेही दुसऱ्या दिशेला. त्या वेळापत्रकात अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याला जेमतेम दहा मिनिटं मिळायची. त्यातली निम्मी चपला काढण्यात आणि आतल्या अंधाराला डोळे सरावण्यात जायची.

एका बॅचला साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांच्या माजघरात एका कॅलेंडरवर अजिंठ्यातल्या, हातात कमळ घेतलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र होतं. वर्ष संपलं, कॅलेंडर उतरवलं, पण चित्र त्यांनी कापून ठेवलं. पुढे पन्नास वर्षं ते ट्रंकेत होतं. ही सगळी हकीकत त्यांनी मला बसमध्ये सांगितली होती. लेण्याबाहेर आल्यावर मी नेहमीसारखी माणसं मोजत होते, तेव्हा त्यांनी माझा दंड धरून विचारलं, "बाय, तो कमळवाला कुठं हाय? आता येनार का पुढच्यात?"

तो पहिल्याच लेण्यात होता. गाभाऱ्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला. आजी त्याच्यासमोरून गेल्या होत्या. पुढे उंच माणसं होती, मागून मी "चला, चला" करत होते. परत आत जायला रांग लागली होती आणि वेरूळला पोचायचं होतं. मी त्यांना म्हणाले, "आजी, तो होऊन गेला." त्यांनी मान हलवली. माझ्यावर रागावल्या नाहीत. संध्याकाळी हॉटेलात जेवताना शेजारणीला सांगत होत्या, "आमी अजिंठा बघितला."

ते वर्ष संपता संपता मी ती नोकरी सोडली.

आता ज्यांच्याबरोबर काम करते ते सर आयुष्यभर प्राच्यविद्या शिकवत आले. संस्था लहान आहे. सर, मी आणि हिशेब बघणारी एक मुलगी. वर्षाला सात-आठ सहली. अठरा माणसांचा आकडा सरांनी ठरवला आहे, आणि तो हवेतून काढलेला नाही. एका शिल्पासमोर अर्धवर्तुळ करून उभं राहिल्यावर मागच्या माणसालाही मूर्तीचे हात मोजता आले पाहिजेत, आणि सरांना आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. वीसच्या वर माणसं गेली की मागची रांग आपापसांत गप्पा मारायला लागते. हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे. अठरा माणसांत बसचं भाडं वाटलं की माणशी खर्च चढतो. त्यात सरांसोबत स्थानिक गाइडही आम्ही घेतोच. त्याला गावची भाषा येते, रखवालदार त्याच्या ओळखीचे असतात. कुठल्या ओट्यावर दुपारी सावली असते हे पुस्तकात नसतं, ते त्याला ठाऊक असतं.

आचारी नेत नाही, यावरून मात्र दर वर्षी एक-दोन बुकिंगं जातात. मला माणसांची ती ओढ कळते. परमुलखात संध्याकाळी वरण-भात समोर आला की जीव थाऱ्यावर येतो. त्या वरण-भातानं अनेक घाबरट माणसांना पहिल्यांदा घराबाहेर काढलं, हे मराठी टूरवाल्यांचं मोठंच काम आहे. पण बदामीला जाऊन बनशंकरीच्या देवळाबाहेर बसणाऱ्या बायकांच्या हातचं जेवायचं नाही, म्हणजे सहलीचा एक दिवस कमी करण्यासारखं आहे. त्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन येतात. आपण झाडाखाली मांडी घालून बसायचं. टोपलीवरचं फडकं बाजूला होतं. पातळ कडक ज्वारीची भाकरी निघते, तिला तिथे रोट्टी म्हणतात. सोबत भरलं वांगं, शेंगांची चटणी आणि गाडग्यातलं घट्ट दही. गेल्या वर्षी पहिला घास घेऊन सोलापूरच्या एक काकू म्हणाल्या, "ही तर माझ्या आईची चटणी." बनशंकरी आपल्याकडे कितीतरी घरांची कुलदेवी आहे. त्यामुळे आमच्या प्रत्येक बॅचला दोघी-तिघी तरी ओटीचं सामान घेऊन आलेल्या असतात. त्यांचा वेळ आम्ही कार्यक्रमात वेगळा धरतो. कुलदेवीपुढे उभ्या असलेल्या बाईला शिट्टी वाजवून बोलवायचं नसतं.

सहलीचे माझे रोजचे नियम साधे आहेत. बसमधल्या जागा रोज सरकतात, पुढचे मागे आणि मागचे पुढे, म्हणजे खिडकीवरून कुरबूर होत नाही. औषधाची पेटी माझ्या पायाशी. कुठल्याही जागी पोचल्यावर पहिला अर्धा तास मोबाईल पिशवीत. आणि बसमध्ये एक मोठी सतरंजी असते. तिचं काय करायचं हे पहिल्या दिवशी कुणालाच कळत नाही.

ती बदामीच्या दुसऱ्या लेण्यात उलगडते. इथल्या छतावर एक चक्र कोरलेलं आहे, आणि त्या चक्राला आऱ्यांच्या जागी मासे आहेत. मान वर करून पाहिलं की दहा सेकंदांत मान दुखते, आणि माणूस "हो, छान आहे" म्हणून पुढे जातो. म्हणून रखवालदाराला विचारून आम्ही सतरंजी अंथरतो आणि चार-चार जणांनी उताणं पडायचं. सत्तरीची माणसं आधी लाजतात, साड्या सावरतात, गुडघे धरून खाली बसतात. एकदा आडवी झाली की उठायला तयार होत नाहीत. गेल्या वर्षी एका मावशींनी मासे मोजायला सुरुवात केली. त्यांचे चौदा भरले, शेजारच्या काकांचे सतरा. मग सगळ्यांनी मिळून एका माशापासून धरून मोठ्यानं मोजले. सोळा. खाली उभ्या असलेल्या कुठल्याशा शाळेच्या सहलीतली पोरंही मोजायला लागली. तेवढ्यात एक माकड आलं आणि बाहेर ठेवलेली बिस्किटांची पिशवी घेऊन वर गेलं. कुणी पाहिलंसुद्धा नाही.

तिसरं लेणं हे या सहलीचं कारण. आम्ही पौर्णिमेलाच का जातो, ते तिथल्या भिंतीवर लिहिलेलं आहे. चालुक्य राजा कीर्तिवर्म्याचा भाऊ मंगलेश यानं हे विष्णूचं लेणं खोदवलं. लेण्याच्या व्हरांड्यात त्याचा संस्कृत लेख आहे, शके 500 चा, म्हणजे इसवी सन 578 चा. लेखात तिथी दिली आहे: महाकार्तिक पौर्णिमा. आपली त्रिपुरी पौर्णिमा. भारतातल्या लेण्या कुणी, केव्हा खोदल्या याचे अंदाज बांधत अभ्यासक आयुष्यं घालवतात. इथे दगडानंच साल, महिना, तिथी सांगितली आहे. सर दर वर्षी त्याच तिथीला त्या लेखासमोर उभं राहून तो वाचतात.

वाचताना ते 'लयन' या शब्दावर थांबतात. मंगलेश आपल्या या खोदकामाला लयन म्हणतो. सर काही बोलत नाहीत, फक्त तो शब्द दोन-तीनदा हळूहळू उच्चारतात. लयन. लयन. आणि मग कुणीतरी एकदम म्हणतं, "लेणं!" त्या क्षणासाठी मी वर्षभर थांबते. आपण रोज वापरतो तो शब्द तिथे साडेचौदाशे वर्षांपूर्वीच्या कपड्यांत उभा असतो आणि आपल्याला ओळख देतो.

त्या लेखात आणखी एक गोष्ट आहे. ती ऐकून मला पहिल्या वर्षी रडू आलं होतं. मंगलेशानं या देवळासाठी लंजीश्वर नावाचं गाव दान दिलं. त्याच्या उत्पन्नातून देवाचा बली म्हणजे नैवेद्य, सोळा ब्राह्मणांना रोजचं अन्न, आणि उरलेलं परिव्राजकांच्या भोजनाला. परिव्राजक म्हणजे फिरत राहणारे. ज्यांचं घर नाही, जे आज इथे आहेत आणि उद्या पुढच्या गावी. लेणं खोदणाऱ्यानं देव कोरला तेव्हाच वाटेनं येणाऱ्या माणसाच्या पोटाचाही विचार केला होता. आम्ही संन्यासी नाही, पैसे भरून आलेले साधे संसारी लोक आहोत. तरी त्या दिवशी बनशंकरीच्या रोट्टीची चव जिभेवर असते, आणि त्या ओळीत आपल्यासाठीही कुठेतरी जागा आहे असं वाटतं.

याच लेण्यात शिवणाच्या क्लासवाल्या मावशी हरवल्या. म्हणजे माझ्या मोजणीत सतराच भरले. मागे वळून पाहिलं तर त्या एका खांबाखाली उभ्या होत्या. खांबांच्या माथ्यावर तुळईला टेकू देणारी जोडपी कोरली आहेत, झाडाखाली उभी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली. मावशींनी चाळीस वर्षं गावातल्या मुलींना शिवण शिकवलं आहे. त्या मला म्हणाल्या, "ही बघ, हिनं भार डाव्या पायावर टाकलाय, म्हणून उजवीकडची निरी सैल पडलीय. ज्यानं कोरलं त्याला कापड माहीत होतं." मी त्या खांबाखालून निदान पंधरा वेळा गेले असेन. सरही अनेकदा गेले असतील. ती निरी आम्ही दोघांनीही पहिल्यांदा पाहिली. सरांनी सगळ्यांना परत बोलावलं आणि मावशींना म्हणाले, "तुम्ही सांगा." मावशी पदर खोचून सांगायला लागल्या. पुढचा पाऊण तास लेण्यातल्या प्रत्येक मूर्तीचं नेसणं तपासण्यात गेला. त्यामुळे चौथं, जैन लेणं आम्हाला घाईनं करावं लागलं, याची रुखरुख मला अजून आहे. पण त्या पाऊण तासाला हात लावायची माझी छाती नव्हती.

समूहानं का जायचं, याचं उत्तर मला अशा वेळी मिळतं. एकट्यानं जाण्याचं सुख मला माहीत आहे, मीही जाते. पण एकटी गेले की मला माझ्याच डोळ्यांना जे दिसतं तेवढंच दिसतं. अठरा माणसं म्हणजे अठरा आयुष्यांत घासून तयार झालेले अठरा जोड डोळे. त्यांना बोलायला सवड मिळाली पाहिजे, एवढंच बघायचं. आणि सवड हवी तर दिवसाला एकच गाव.

ऐहोळ्याला डोळे उघडले ते इंजिनियर काकांचे. गावात लाडखान नावाचं देऊळ आहे. कधीकाळी त्या नावाचा माणूस त्यात राहत होता, तेच नाव देवळाला चिकटलं. ठेंगणं, पसरट, जाड खांबांचं. शिखराच्या अपेक्षेनं आलेल्यांना पहिल्या नजरेत ते आवडत नाही. काका लांब उभे राहून उतरत्या छपराकडे पाहत होते. छपराला दगडी फरश्या आहेत, आणि प्रत्येक दोन फरश्यांच्या जोडावर ओंडक्यासारखी लांबच लांब दगडी पट्टी बसवलेली आहे. काका माझ्याकडे आले. "मॅडम, हे जोडावर पट्टी मारलीय. पाणी आत जाऊ नये म्हणून. आम्ही गोदामाच्या छपराला हेच करायचो." मग जवळ जाऊन, हात वर करून म्हणाले, "पण ही लाकडाची पद्धत आहे. यांच्या बापजाद्यांनी लाकडात घरं बांधली असणार. दगड हातात आला तरी हात लाकडाचाच राहिला." सर त्यांच्या मागेच उभे होते. ते नंतर मला म्हणाले, की हेच सांगायला ते वर्गात चाळीस मिनिटं घ्यायचे.

दुपार कलल्यावर आम्ही मेगुती टेकडी चढतो. वर एक जैन मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर रविकीर्ती नावाच्या कवीचा लेख आहे, शके 556 चा, म्हणजे इसवी सन 634-35 चा. सदतीस श्लोक. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची ही प्रशस्ती, म्हणजे स्तुती. सर त्यातले मोजकेच श्लोक घेतात. उत्तरेचा हर्ष पुलकेशीपुढे हरला, तिथे कवी म्हणतो, "भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः". हर्षाचा हर्ष भयानं गळून गेला. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ही कोटी लगेच कळते, बाकीच्यांना सांगितली की कळते, आणि टेकडीवर वाऱ्यात सगळे खळखळून हसतात. राजकवीनं केलेला विनोद तेराशेहून जास्त वर्षांनी पुन्हा हशा घेतो. पुढे सर तो श्लोक वाचतात, ज्यात पुलकेशी नव्याण्णव हजार गावांच्या तिन्ही महाराष्ट्रकांचा अधिपती झाला असं म्हटलं आहे. "नवनवतिसहस्रग्रामभाजां त्रयाणाम्".

"म्हणजे आपण?" नाशिकच्या एका काकूंनी विचारलं.

"आपली जमीन," सर म्हणाले.

एवढंच. सर इथे आवाज चढवत नाहीत, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. राजा चालुक्य, गाव कर्नाटकातलं, कवी जैन, भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड, आणि त्यात आपल्या मुलखाचं नाव. हे सगळं एकाच भिंतीवर सुखानं नांदतं आहे. तिथे छाती फुगवण्यासारखं काही नाही. जवळ जाऊन, डोळे बारीक करून अक्षरं शोधायची एवढंच आहे. काकूंनी तसंच केलं. भिंतीला हात लावू नका हा आमचा नियम आहे, म्हणून हात पाठीमागे बांधून, नाक भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवून त्या बराच वेळ उभ्या होत्या.

इंजिनियर काकांच्या काकूंना मात्र टेकडी चढवली नाही. गुडघे. त्या पायथ्याशी बसल्या होत्या. काका खाली आल्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि वरचं सगळं त्यांना सांगू लागले, अगदी हर्षाच्या कोटीसकट. सांगताना श्लोक चुकला. पुन्हा वर बघून आठवायचा प्रयत्न केला. काकू म्हणाल्या, "राहू दे, अर्थ सांग."

पट्टदकल्लूबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे जाऊन पाहणं हेच खरं. 1987 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याची पुस्तकंही पुष्कळ आहेत. विरूपाक्ष मंदिर दुसऱ्या विक्रमादित्याच्या राणीनं, लोकमहादेवीनं, नवऱ्यानं कांची जिंकल्याच्या आठवणीसाठी बांधवलं. वेरूळचं कैलास पाहिलेली माणसं आत शिरताच चपापतात, कारण कैलासाचं आधीचं रूप समोर असतं. मला तिथलं सर्वांत आवडतं ते म्हणजे कारागिराचं नाव. दारावरच्या लेखात सूत्रधार, म्हणजे बांधकामाचा प्रमुख, गुंड अनिवारिताचारी याला राजानं पदवी दिल्याची नोंद आहे. राणीच्या नावाशेजारी गवंड्याचं नाव. इंजिनियर काकांनी ते माझ्याकडून वहीत लिहून घेतलं.

परतीच्या आदल्या दिवशी गुळेदगुड्ड. बदामीपासून जवळच. पत्रकात ते "विणकरांचं गाव" एवढंच असतं, आणि पुरुषमंडळी त्या दिवशी हॉटेलात आराम करू का, असं विचारतात. मी सगळ्यांना नेते. कारण आपल्याकडे ओटी भरताना नारळाबरोबर जो खण देतात, चोळीचा, काठाला बारीक वेलबुट्टी असलेला, तो पिढ्यान्‌पिढ्या या गावात विणला जातो आहे. आणि आपण ज्याला इरकल म्हणतो ते लुगडंही जवळच्याच इळकल गावचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांनी हयातभर या जिल्ह्याचं कापड अंगावर वागवलं आणि जिल्ह्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

विणकराचं घर म्हणजे एक खोली आणि त्यात अर्धी खोली अडवणारा माग. पाय खड्ड्यात, पायाखाली पावड्या, हातात धोट्याची दोरी. खट्‌ खट्‌ असा आवाज जमिनीतून तळपायाला जाणवतो. आम्ही चार-चार जण आळीपाळीनं आत जातो. शिवणाच्या मावशी शेवटच्या चौकडीत होत्या. त्यांना कन्नड येत नव्हतं, विणकराच्या बायकोला मराठी येत नव्हतं. मावशींनी पिशवीतून एक जुना खण काढला, अंजिरी, त्रिकोणी घडीचा, घड्यांवर विरलेला. तो त्यांच्या आईनं त्यांच्या लग्नात ठेवलेला होता. चोळी शिवायची त्यांना कधी हिंमत झाली नाही. विणकराच्या बायकोनं तो उजेडात धरला, काठावरून अंगठा फिरवला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली. माग थांबला. गाइडनं सांगितलं, "ती म्हणते, हा काठ तिचा सासरा विणायचा. आता हा कुणी विणत नाही."

कदाचित तो त्याच घरात विणलेला असेल, कदाचित नसेल. गावात असे माग पुष्कळ होते. पण त्या खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर सर घड्याळ बघत होते. मी त्यांना हातानंच थांबायला सांगितलं. मावशींनी तो खण विणकराच्या बायकोला देऊ केला. तिनं घेतला नाही, पुन्हा त्रिकोणी घडी घालून मावशींच्या ओटीतच ठेवला आणि वर चिमूटभर तांदूळ टाकले. ओटी भरायला तिथे भाषा लागली नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळची आठवण राहिलीच. त्या दिवशी लेणी बंद झाल्यावर आम्ही खाली उतरून अगस्त्य तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. गावच्या बायका धुणं धूत होत्या. बडवण्याचा धप्‌ आवाज व्हायचा, आणि कड्याला आपटून दुसरा धप्‌ यायचा, पहिल्याहून थोडा उशिरा. समोर तळ्याच्या पलीकडे भूतनाथाचं देऊळ. चंद्र वेळेवर उगवला असणार, पण त्या बाजूला तांबडे कडे असल्यामुळे तो दिसायला वेळ लागतो. आधी कड्याची कड उजळते. काका-काकू माझ्या खालच्या पायरीवर होते. काकू म्हणाल्या, "आज घरी असतो तर देवळात दिवे लावले असते." शिवणाच्या मावशींनी पिशवीतून पणती काढली. वात आणि तेलाची बाटलीही होती. त्यांनी सगळं घरूनच आणलं होतं. पणती पायरीवर ठेवली. धुणं धुणाऱ्या एका बाईनं आपली बादली बाजूला सरकवून तिला वाऱ्याचा आडोसा केला.

परतीच्या दिवशी बस विजापूरकडे निघाली. गोलघुमट लांबूनच दिसायला लागला तसे काका जागेवरून उठून पुढे आले. मला वाटलं आता पुन्हा अर्ध्या तासाचं निघणार. त्यांनी विचारलं, "इथे स्टँडजवळ गाडी थांबेल ना दोन मिनिटं?"

"का हो काका?"

"आम्ही इथे उतरतो. खोली सांगून ठेवलीय काल फोनवरून. दोन दिवस राहतो आणि मग एसटीनं येतो. हिला सज्जात चढवणार नाही. मी वर जाऊन बोलतो, ही खाली उभी राहून ऐकेल."

ड्रायव्हरनं डिकी उघडली. त्यांच्या दोन बॅगा काढल्या. काकूंच्या हातात गुळेदगुड्डहून घेतलेल्या खणांची पिशवी होती, ती त्यांनी बॅगेत कोंबली. मी त्यांना माझी विजेरी दिली, कारण त्यांची लेण्यांतच संपली होती. बसमधले सगळे खिडक्यांतून हात हलवत होते. मी वर चढले, सवयीनं मागपासून पुढपर्यंत माणसं मोजली. सोळा. दोन कमी भरले म्हणून पुन्हा मागे वळले, मग लक्षात आलं, आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.